वर काहीच नव्हतं

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. ह्यांच्यापुढं नाही, पोरीपुढं नाही. देवापुढं उभी राहते तेव्हा बाकी सगळं बोलते — कुणाशी भांडले, कुणाचं मन दुखवलं — पण इथपर्यंत आलं की गाळते आणि पुढं जाते. देवाला कळत नाही असं थोडंच आहे? पण मला बोलायचं नसतं, एवढं खरं.

आणि ऐकायला किती साधी! एका खोलीचं सीलिंग पडलं. कुणाला लागलं नाही. घरोघरी काहीतरी पडतं, लोक झाडू मारतात आणि विसरतात. मग मी का विसरत नाही? — थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी पुन्हा गाळीन.

आमचं घर मुकुंदवाडीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा दोनच खोल्या होत्या, एकामागं एक, वर पत्रे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, असली कामं. हे वाळूजला कंपनीत. सकाळी गेले की संध्याकाळीच यायचे. पूजा, आमची पोरगी, शाळेत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. म्हणजे दिवसभर घरात दोघंच — मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

मामा पैठणकडच्या खेड्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या भावांनी मेंढरं सोडली नाहीत, मामा मात्र शहरात आले. सुतारकाम शिकले, मग सीलिंग बसवायचं काम शिकले. मोठ्या ऑफिसांत छताखाली पांढऱ्या चौकोनी पाट्या दिसतात ना, ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर पांढरी छतं बांधली आणि संध्याकाळी आमच्या पत्र्याखाली येऊन झोपले. सत्तरीला टेकले तेव्हा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि ह्यांनी सांगितलं, अण्णा, आता बास. मामा घरी बसले. ओट्यावर बसून समोरच्यांच्या दाराची चौकट बघायचे आणि मला म्हणायचे, एक सूत बाहेर हाय. एक सूत म्हणजे किती? इंचाचा आठवा भाग. तो त्यांना रस्त्यापलीकडून दिसायचा. हे लक्षात ठेवा — नाही, तुम्ही नका ठेवू. मीच ठेवायला हवं होतं.

पत्र्याखाली वैशाख काढलेला माणूस असेल तर त्याला काही सांगायला नको. आम्ही पत्र्याखाली जुन्या साड्या ताणून बांधायचो, पण त्यानं काय होतं? मी डोक्यावर ओला टॉवेल टाकून मशीनवर बसायची, तरी गिऱ्हाइकाच्या कापडावर घाम टिपकायचा. एका दुपारी मला भोवळ आली आणि कपाळ मशीनवर आपटलं. मामांनी पाणी आणलं, मला भिंतीला टेकवून बसवलं.  दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर पडले आणि जेवायच्या वेळेला टेम्पोत बसून आले. मागं लोखंडी पट्ट्यांचे भारे आणि भोकाभोकांच्या पांढऱ्या पाट्या. कुठल्याशा ऑफिसचं जुनं सीलिंग उतरवत होते, तिथला मिस्त्री मामांच्या ओळखीचा. तुझ्या डोक्यावर सावली करतो, म्हणाले.

पुढचे पाच दिवस मी मशीनला हात लावला नाही. मामांना मदतीला दुसरं कोण होतं? मीच. भिंतीवर पहिली रेघ मारायची ती सरळ पाहिजे, म्हणून पाणसळ — पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी. एक टोक मामांच्या हातात, समोरच्या भिंतीपाशी दुसरं टोक माझ्या हातात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं. पाणी थांबलं का, ते विचारायचे. थांबलं, मी म्हणायची, आणि पेन्सिलीची खूण करायची. चारही भिंतींवर अशा खुणा केल्या. मग कडेनं पट्ट्या ठोकल्या. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना तारा बांधल्या, तारांना मधल्या लांब पट्ट्या अडकवल्या, त्यांच्यात आडव्या छोट्या पट्ट्या. वरती चौकोनांची जाळी तयार झाली. प्रत्येक चौकोनात एकेक पाटी खालून तिरकी वर घालायची आणि अलगद सोडायची. ती नुसती बसलेली असते. खिळा नाही, काही नाही.

शेवटची पाटी त्यांनी मला बसवायला लावली. मी शिडीवर, ते खाली शिडी धरून. मी उतरले तेव्हा मामा म्हणाले, “हे सोताचं वजन पेलतं, दुसऱ्या कुणाचं नाय. ह्याच्यावर मांजर बी बसू देऊ नको.”

मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

मग मागच्या खोलीतही बसवलं. घरात फरक किती पडला म्हणून सांगू? ऊन कमी झालंच, पण गिऱ्हाइकं वर बघून म्हणायची, बाई, तुमचं तर ऑफिस झालं. ज्यांच्या घरावर पत्रे होते त्यांनी मामांना बोलावलं. त्या वर्षात गल्लीत तीन घरं झाली. मामांच्या कानावर पुन्हा पेन्सिल आली. ओट्यावर बसणारा माणूस सकाळी आंघोळ करून, टोपी झटकून, येतो गं कामावर, असं म्हणून निघायला लागला. चालसुद्धा बदलली. हे कुरकुरायचे, ह्या वयात शिडीवर कशाला. मी मामांची बाजू घ्यायची. खरंच घ्यायची. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हे तुम्हाला आत्ता खोटं वाटणार नाही, पुढं वाटेल.

त्याच वर्षी माझी आई गेली, पैठणला. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं माझ्या वहिनीनं केलं. मी सणासुदीला जायची, दोन दिवस राहायची, रडायची आणि परत यायची. तेराव्यानंतर सगळे गोदावरीच्या घाटावर गेले होते, मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. आईची पितळी भांडी माळ्यावर होती — मोठी परात, घागर, दोन जाड बुडाची पातेली. वहिनी आईला आत्या म्हणायची; आदल्या दिवशी म्हणाली होती, आत्यांची भांडी घासून मी देव्हाऱ्याच्या खोलीत मांडून ठेवीन. मला ते टोचलं. का टोचलं? तिचाच हक्क जास्त होता. पण मला वाटलं, आई माझी, आणि मांडणार ही. मी भांडी चादरीत गुंडाळली, पोत्यात घातली. जाताना पोतं बघून भाऊ म्हणाला, काय आहे? मी म्हणाले, आईची जुनी लुगडी, गोधडी शिवते. त्यानंच ते पोतं एसटीत चढवून दिलं. जड आहे गं, म्हणाला. हसले मी.

महिन्याभरानं वहिनीचा फोन आला. आत्यांची भांडी सापडत नाहीत, ताई, तुम्ही कुठं बघितली का? नाही, मी म्हणाले. एका शब्दाचं खोटं. आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन — रविवारी आम्ही दोघं येतोय, मामांनी केलेलं सीलिंग बघायचंय, आम्हालाही बसवायचंय.

पोतं पलंगाखाली होतं. दोन खोल्यांच्या घरात पोतं लपवणार कुठं? आत कोठी ज्वारीनं काठोकाठ भरलेली. मामा कामावर होते. मी वर बघितलं. शिडी लावली, कोपऱ्यातली पाटी उचलून बाजूला सरकवली आणि पोतं वर ढकललं. पट्ट्या कुरकुरल्या. मी हात तसाच वर धरून थोडा वेळ थांबले. काही झालं नाही. पाटी पुन्हा बसवली.

वहिनी आली, त्याच छताखाली बसली, चहा प्यायली. मान वर करून म्हणाली, किती छान झालंय.

ती गेल्यावर पोतं काढायचं होतं. का नाही काढलं? उद्या काढू, परवा काढू. मामा घरी असायचे, हे असायचे. मग मलाच सवय झाली. वर आहे ते आहे. असे दीड-दोन महिने गेले असतील.

त्या दिवशी मी शिवलेले ब्लाउज द्यायला गारखेड्याला गेले होते. मामा मागच्या गल्लीत नव्या कामाचं माप घ्यायला. दुपारी अडीच-तीनला मी परत आले, कुलूप काढलं — आणि दार पूर्ण उघडेना. आत पाटीचा चुरा अडकला होता. कोपऱ्यापासून अर्धं सीलिंग खाली. मधली लांब पट्टी मशीनवर आडवी पडलेली, स्टूल मोडलेलं. आणि सगळ्याच्या मधोमध आईची घागर, कुशीवर पडलेली.

 आणि मी काय केलं? ओरडले नाही. दार आतून लावलं. पोतं ओढून काढलं. परातीला मोठा पोचा आला होता. आत गेले, कोठीतली ज्वारी घमेल्यांनी काढली, भांडी तळाशी घातली, वरून ज्वारी लोटली. उरलेली पोत्यात भरली. हात-पाय धुतले. मग दार उघडून ओट्यावर आले आणि शेजारणीला हाक मारली — अहो बाई, बघा ना काय झालं. आवाज रडका झाला होता. तो खोटा नव्हता, पण ज्यासाठी रडते असं लोकांना वाटलं, त्यासाठी नव्हता.

मामा धावत आले. सत्तरीचा माणूस, धावत. सीलिंगकडं त्यांनी बघितलंच नाही. आधी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं. मोडक्या स्टुलापाशी गेले, त्यावर हात ठेवला आणि खाली बसले.  माझ्या जागेवर ती पट्टी पडली होती. रोज त्या वेळी मी तिथंच असायची. त्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल, ते मला दिसत होतं. 

संध्याकाळी हे आले. चिडले नाहीत. अण्णा, होतं असं, पण आता शिडी बंद, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सगळ्या पट्ट्या उचलून जमिनीवर ओळीनं मांडल्या. जशा वर होत्या तशा. मी स्वयंपाक करत होते. त्यांनी मला बोलावलं. लांब पट्टी हातात धरून ते उकिडवे बसले होते.

“शोभा, ही बघ,” ते म्हणाले. “तार सुटली असती तर ही टोकाला वाकली असती. ही मधून वाकलीय. वरून वजन आल्याबिगर अशी वाकत नाय.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “वर कुणी काय ठेवलं होतं का?”

त्यात संशय नव्हता. एखाद्यानं शेजाऱ्याला रस्ता विचारावा तसं विचारलं. एक शब्द बोलायचा होता. तुम्ही माझ्या जागी असता तर — नाही, हे मी तुम्हाला विचारणार नाही. माझ्या जागी मी होते.

“नाही मामा,” मी म्हणाले. “वर काहीच नव्हतं.”

ते पुन्हा पट्टीकडं बघायला लागले. बोटानं बाक चाचपडत राहिले. माणूस खोटं बोलेल, लोखंड बोलणार नाही, हे त्यांना आयुष्यभराच्या कामानं शिकवलेलं. मला कळलं, मामा सोडणार नाहीत. आता शिडी लावतील, वर चढतील, उरलेल्या पाट्यांवर पोतं घासल्याच्या खुणा बघतील. मग ह्यांना कळेल. वहिनीला कळेल. मेलेल्या आईची भांडी चोरणारी मी.

तेव्हा मी ते बोलले. इथंच मी दरवेळी गाळते.

“मामा, खरं सांगू का? ती बाजू मला पहिल्यापासूनच जरा खाली दिसायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

पाणसळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? माझ्या. चारही भिंतींवरच्या खुणा कुणी केल्या होत्या? मी. केसाएवढाही फरक नव्हता, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला सांगितलं की फरक होता.

मामांनी पट्टी हळूच खाली ठेवली. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“आसं व्हय,” ते म्हणाले. मग, “बरं केलंस सांगितलंस, पोरी.”

लोखंड जे सांगत होतं ते त्यांनी सोडून दिलं आणि माझं ऐकलं.

त्याच दुपारी ते शिडी घेऊन निघाले. कुठं, विचारलं तर म्हणाले, बाकीची घरं बघायला पाहिजेत. एकट्यानं शिडीवर चढू देणार कसं? मी मागोमाग गेले, शिडी धरायला. तीन घरं. प्रत्येक घरात ते दारातच टोपी काढून उभे राहायचे आणि सांगायचे की माझ्या नजरेनं दगा दिला, तुमच्याकडं बी चुकलं असंल, मी पुन्हा तारा बांधून देतो. आणि मग माझ्याकडं हात करून म्हणायचे, आमच्या शोभाला दिसत होतं, मला नाय दिसलं. मी शिडीचे पाय घट्ट धरून उभी असायची. लोक माझ्याकडं बघायचे. मी खाली बघायची.

एका घरात नुकतं बाळंतपण झालेलं. पाळणा बरोबर सीलिंगखाली. मामांनी स्वतःच्या हातानं पाळणा ओढून दारापाशी नेला आणि त्या पोरीला बजावलं, मी सांगेपर्यंत लेकराला आत घेऊ नको. तिथं त्यांनी एकेका जागी दोन-दोन तारा बांधल्या. हात वर करून करून खांदे भरून आले, तरी थांबेनात. ती पोरगी म्हणाली, बाबा, काही झालेलं नाही, कशाला एवढं? मामा म्हणाले, झाल्यावर काय करू? तिसऱ्या घरवाल्यांनी मात्र ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच काढून टाकलं. चांगलं, सरळ, घट्ट सीलिंग. त्या पाट्या कितीतरी दिवस त्यांच्या भिंतीला टेकून होत्या, आणि मामा त्या रस्त्यानं जायचे टाळायचे.

आमच्या मागच्या खोलीतही त्यांनी दुहेरी तारा बांधल्या. पुढच्या खोलीत पुन्हा जुन्या साड्या ताणल्या आणि मी त्यांच्याखाली मशीन चालवू लागले. त्याला मी शिक्षा म्हणणार नाही. उन्हाळा सगळ्यांनाच असतो.

मग मामांनी हत्यारं देऊन टाकली. ड्रिल, कात्री, पक्कड — गारखेड्याच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला पेटीसकट. ह्यांनी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर वयाच्या मानानं उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. मामा घरी येऊन मला म्हणाले, त्या डॉक्टरच्या मशीनला काय कळतंय? तुला दिसलं ते खरं.

त्यानंतर त्यांचा स्वतःवरचा भरवसा हळूहळू सगळीकडूनच उठला. चहा बशीत ओतताना विचारायचे, भरली का गं? रस्ता ओलांडताना पूजाचा हात धरायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे मला आधी, एका दमात; ते सोडलं. समोरच्यांच्या चौकटीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. डोळे तेच होते. दिसत सगळं होतं. दिसलेल्यावर विश्वास उरला नव्हता.

सात वर्षं जगले त्यानंतर. सांगायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. रोज दुपारी आम्ही दोघंच घरात असायचो. कितीदा तरी ओठांवर आलं. मग वाटायचं, आता सांगून काय, हत्यारं तर गेली. मग वाटायचं, आता म्हातारे झाले, कशाला धक्का. दरवेळी कारण त्यांच्या भल्याचंच सापडायचं मला. शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं. गल्लीत नाव झालं, सून असावी तर अशी. गेले ते मागच्या खोलीत, झोपेतच, सकाळी मी चहा घेऊन गेले तर गार पडले होते.

भांड्यांचं विचाराल. ती वर्षानुवर्षं ज्वारीखालीच राहिली. मामा गेल्यावर दोन वर्षांनी पूजाचं लग्न ठरलं, तेव्हा मी ती काढली, घासली आणि रुखवतात मांडली. कशी मांडली? कदाचित मला पकडलं जायचं होतं. भाऊ समोर उभा राहिला, म्हणाला, आईची परात ना ही? मला वाटलं आईनं मोडीत घातली. आणि हसला, जेवायला गेला. वहिनी मागं राहिली. तिनं परातीच्या पोच्यावरून हात फिरवला.

“मागितली असती तर नाही म्हटलं असतं का मी, ताई?” तिनं हळू आवाजात विचारलं.

तिला एवढंच ठाऊक होतं. त्या पोच्यासाठी काय गेलं, ते ठाऊक नव्हतं. मी तेही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांनी निवृत्तीनंतर घरावर स्लॅब टाकायचं ठरवलं. पत्रे काढायच्या आधी मागच्या खोलीतलं सीलिंग उतरवायला एक मिस्त्री आला. पन्नाशीचा, कामातला माणूस. एक पाटी काढून त्यानं डोकं वर घातलं आणि तसाच थांबला. मग खाली उतरून भिंतीच्या कडेनं पट्टीला डोळा लावून बघितलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“चाचा, ये किसने बांधा?” त्यानं ह्यांना विचारलं. “इत्ते साल में एक सूत का फरक नै. और तार काहे को डबल डाले?”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते.

“आमच्या अण्णांनी,” हे म्हणाले. आवाजात केवढा अभिमान होता. “लई चांगला हात होता त्यांचा. शेवटी शेवटी नजर गेली, म्हणून पुढच्या खोलीत चुकलं. तवापासून भ्यायचे, म्हणून डबल तार.”

“उमर हो गई तो होताच,” मिस्त्री म्हणाला.

हे माझ्याकडं वळले. सहजच, जुनी आठवण निघाली की माणूस घरच्याकडं बघतो तसे. मामा नव्हते. आई नव्हती. वहिनीला भांड्यांचं कळून चुकलं होतं. तेव्हा मला कुणाची भीती होती?

मी मान हलवली. हो म्हणून.

दोघांनी चहा घेतला. मिस्त्रीनं पहिली पट्टी सोडवली, दोन्ही हातांनी, जपून, आणि भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या खोलीत मामांचं काहीच चुकलं नव्हतं.